बिनब्रेकचा पक्ष

ब्रेक नसलेली सायकल विकत घेण्याचा विचार विशीतल्या एखाद्या उनाड तरुणाच्या मनात आला, तर त्याचे वडील चार शब्द सुनावतात आणि प्रकरण घरातल्या घरात मिटते. परंतु तोच विचार पंचेचाळिशी उलटलेल्या, दोन कन्यांचे पिता असलेल्या आणि इतरांच्या हिशेबांतील पै-पैची चूक काढण्यात ज्यांची निम्मी हयात गेली अशा एका लेखापरीक्षकाच्या मनात येतो, तेव्हा चार शब्द सुनावण्याचा अधिकार नेमका कोणाकडे आहे, हा मोठाच प्रश्न उपस्थित होतो. आमच्या शेजारच्या इमारतीत राहणाऱ्या स्नेह्यांच्या बाबतीत तो उपस्थित झाला आणि अद्याप तहकूब आहे. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. पुण्यात लेखापरीक्षक आणि सायकलस्वार हे दोन्ही वर्ग इतके विपुल आहेत की नुसत्या वर्णनावरून कोणाची ओळख पटण्याचे भय नाही. उलट नाव दिले असते, तर गृहस्थांनी या लेखावर तीन आक्षेप नोंदवून पंधरा दिवसांत खुलासा मागवला असता.

वस्तुतः रोड रेस, म्हणजे उघड्या रस्त्यावरची शर्यत, हे त्यांचे पहिले प्रेम, आणि पुण्यात जन्मलेल्या मनुष्याच्या बाबतीत ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. ज्या शहरात एके काळी प्राध्यापकांपासून पोस्टमनपर्यंत सारे सायकलवरून ये-जा करीत आणि कोपऱ्याकोपऱ्यावर तासाच्या भाड्याने सायकली मिळत, त्या शहराने सायकल सोडली असली तरी सायकलीचा अभिमान सोडलेला नाही. बालपणी वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी मुंबई-पुणे शर्यतीचे स्पर्धक घामाने निथळत गावात शिरताना पाहिले होते, आणि बोरघाट सर्वांआधी चढून जाणाऱ्यास ‘घाटांचा राजा’ असा किताब मिळतो हे कळल्यापासून, राजपदाचा मार्ग खोपोलीवरून जातो याविषयी त्यांच्या मनात संदेह उरला नव्हता. पुढे परीक्षा, नोकरी, विवाह आणि गृहकर्ज या चार कारणांनी राज्याभिषेक लांबत गेला. आणि चाळिशीनंतर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा ऐकवला, तेव्हा गादीवर आपला हक्क सांगण्यासाठी ते पुन्हा खोगिरावर बसले. तेव्हापासून रविवारची पहाट कधी कात्रज घाटात, कधी बोपदेव घाटात, तर कधी सिंहगडाच्या पायथ्याशी उजाडू लागली. हौशी गटाच्या शर्यतींत ते नियमाने नाव देत, आणि शर्यत संपल्यावर पारितोषिक-वितरणास बहुधा वेळेवर पोहोचत.

तंट्याचे मूळ बालेवाडीत आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी तेथे जे क्रीडासंकुल उभारण्यात आले, त्यातील वेलोड्रोमवर धाकट्या कन्येस सरावाला पोहोचवण्याचे काम त्यांच्याकडे आले, आणि कठड्याशी उभे राहून चहा पिता पिता त्यांनी प्रथमच ट्रॅक सायकलिंग नावाचा प्रकार डोळे भरून पाहिला. दोन बाजूंना सौम्यपणे चाललेला तो मार्ग वळणावर एकाएकी भिंतीसारखा उभा राहतो, आणि त्या भिंतीवरून मुले-मुली तिरप्या होऊन निघून जातात. वेग आहे तोवर भिंत त्यांना धरून ठेवते आणि वेग ओसरला की खाली घसरू देते. जगातील उत्तम लाकडी ट्रॅक २५० मीटरचे असतात आणि त्यांच्या वळणांचा उतार चाळीस अंशांच्याही पुढे जातो. त्यावरून धावणाऱ्या सायकलीला एकच गिअर असतो. त्यात फ्रीव्हील नसते, म्हणजे चाक फिरते आहे तोवर पायांनाही फिरणे भाग असते. आणि ब्रेक लावण्यास नियमानेच मनाई असते. कोणीही अचानक थांबू शकत नाही म्हणूनच कोणी कोणावर आदळत नाही, हा त्यामागील युक्तिवाद. आम्हांस तो प्रथम विक्षिप्त वाटला, परंतु विचाराअंती असे दिसून आले की पुण्यातील वाहतूकही पुष्कळशी याच तत्त्वावर चालते, फक्त तेथे दुसरा भाग अनुभवास येत नाही.

लेखापरीक्षकांना मात्र त्यात साक्षात मोक्ष दिसला. ट्रॅकवर आतल्या कडेपासून २० सेंटिमीटरवर एक काळी रेघ असते, आणि ट्रॅकची अधिकृत लांबी त्या रेघेवरून मोजलेली असते. तिच्यावर लाल रेघ, स्प्रिंट करणाऱ्यांची. त्याहून वर निळी. वर्षानुवर्षे ज्यांनी खतावणीच्या उभ्या-आडव्या रेघांत सत्य शोधले, त्यांना ही जमिनीवर आखलेली खतावणीच वाटली. येथे वारा कोणत्या दिशेने होता, रस्ता खोदलेला होता काय, वळणावर म्हैस आडवी आली काय, या सबबींना वाव नाही. अंतर प्रमाणित, मार्ग प्रमाणित, आणि वेळेचा हिशेब सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. “अहो, ज्या खेळात सबब सांगायला जागाच ठेवलेली नाही, त्याला मी खेळ म्हणतो,” असे ते त्या दिवशी संध्याकाळी आम्हांस म्हणाले. त्यावर, मग शर्यतीनंतर बोलायचे काय, असे आम्ही विचारले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले.

कारण रोडच्या पक्षाचे सारे बळ तेथेच आहे. रस्त्यावरच्या शर्यतीत मनुष्य तीन तास सायकल चालवतो आणि पुढे तीन आठवडे तीविषयी बोलतो. त्यातही तिची अर्थव्यवस्था अशी आहे की तिच्यावर कोणत्याही प्रामाणिक लेखापरीक्षकास ताशेरे ओढल्यावाचून राहवणार नाही. सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचे बहुतेक श्रम हवा बाजूला सारण्यात खर्च होतात. आणि पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर लपून राहिल्यास मागच्याचे श्रम सुमारे एक-तृतीयांशाने वाचतात. अर्थात घोळक्यात एकाने खर्च करावा, दुसऱ्याने ती बचत आपल्या नावे जमा धरावी, आणि शेवटच्या दोनशे मीटरांत त्या दुसऱ्यानेच पुढे होऊन पारितोषिक न्यावे, ही उघडउघड अफरातफर होय. आमचे स्नेही तत्त्वनिष्ठ असल्यामुळे ते सदैव पुढे राहून हवा कापतात. त्यांच्या मागे बसून आजवर किती तरुण विजयी झाले याची यादी त्यांच्यापाशी तारीखवार आहे, आणि ती वाचून दाखवताना त्यांच्या मुद्रेवर जे समाधान विलसते, ते त्या विजेत्यांच्याही मुद्रेवर आम्ही पाहिलेले नाही. शिवाय घाट उतरल्यावर मिळणारी मिसळ आहे. तिचा विषय निघाला की ट्रॅकच्या पक्षाचा वकील आवाज खाली आणतो.

तथापि त्यांनी ब्रेक नसलेली सायकल आणलीच. वेलोड्रोमबाहेर ती चालवणार नाही, अशी वहिनींना दिलेली हमी त्यांनी शब्दशः पाळली. परंतु ट्रॅकवरील विद्या जुन्या सायकलवर बसून भर रस्त्यात गिरवण्यास त्या हमीत प्रतिबंध नव्हता, आणि करारनाम्यातील पळवाटा शोधणे हा त्यांचा व्यवसायच आहे.

पहिली विद्या स्तब्ध उभे राहण्याची. ट्रॅकवरील स्प्रिंट ही जगातील अशी विलक्षण शर्यत आहे की तीत जो आधी सुटतो तो बहुधा हरतो, कारण मागचा त्याच्या आडोशाने श्रम वाचवून अखेरीस त्याला गाठतो. म्हणून दोन्ही प्रतिस्पर्धी एकमेकांस ‘आधी आपण’ असा लखनवी आग्रह करीत सायकलवरच निश्चल उभे राहतात. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये इटलीचा पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा त्राँतँ हे दोघे असे २१ मिनिटे ५७ सेकंद उभे होते. वेगाच्या सर्वोच्च स्पर्धेत दोन मनुष्ये जवळजवळ बावीस मिनिटे काहीच करीत नाहीत आणि सहस्रावधी प्रेक्षक श्वास रोखून ते पाहतात, ही गोष्ट ऐकून आमचा सरकारी कचेऱ्यांविषयीचा पूर्वग्रह बराच निवळला. पुढे नियमाने या उभे राहण्याला तीस सेकंदांची मर्यादा घातली.

ही विद्या आमच्या स्नेह्यांनी अलका टॉकीजच्या चौकात आत्मसात करावयास घेतली. लाल दिवा लागला की पाय न टेकता, पुढचे चाक किंचित वळवून, पायडलवर तोल सांभाळीत ते चित्रासारखे उभे राहत, आणि आजूबाजूचे स्कूटरवाले प्रथम कुतूहलाने, मग आदराने आणि शेवटी पैज लावून त्यांच्याकडे पाहत. इथवर ठीक होते. परंतु एके दिवशी दिवा हिरवा झाला तरी ते हालेनात. डावीकडचा एक वृद्ध लुनास्वार आपला प्रतिस्पर्धी आहे अशी त्यांनी मनोमन कल्पना केली होती आणि तो आधी सुटावा म्हणून ते तिरप्या नजरेने त्याच्यावर पाळत ठेवून होते. दैवयोग असा की तो लुनास्वार सदाशिव पेठेतला निघाला. हा मनुष्य आपल्याकडे टक लावून का पाहत आहे याचा उलगडा झाल्याखेरीज एक इंचही पुढे सरकायचे नाही, असा त्यानेही निर्धार केला. मागे भोंग्यांचा एकच कल्लोळ उसळला. वाहतूक पोलिसाने येऊन “काका, काय अडचण आहे?” असे विचारले, तेव्हा दोघेही काका एकदम, एकाच स्वरात, “यांना आधी जाऊ द्या,” असे म्हणाले. दिवा पुन्हा लाल झाला होता. टोकियोचा विक्रम मात्र अबाधित राहिला.

दुसरी विद्या केइरिनची. हा प्रकार जपानचा; युद्धात उद्ध्वस्त झालेल्या नगरांच्या पुनर्बांधणीस निधी मिळावा म्हणून १९४८ साली कोकुरा शहरी त्यावर जुगाराची सनदशीर परवानगी देण्यात आली, आणि तेव्हापासून तो भरभराटीस आला. ऑलिम्पिकमध्ये केइरिनच्या आरंभी एक छोटी मोटरसायकल पुढे चालते, हळूहळू वेग वाढवते, तिच्यामागे सारे ओळीने जातात, आणि ती बाजूला झाली की एकच झुंबड उडते. पुढे चालणारे असे वाहन आमच्या स्नेह्यांनी दुधाच्या टेम्पोत शोधले. पहाटे पाच वाजता टेम्पो निघाला की हे त्याच्या मागे. परंतु टेम्पोस प्रत्येक सोसायटीच्या दारात थांबावे लागत असल्यामुळे त्यांची झुंबड दर दोनशे मीटरवर उडे, आणि तिसऱ्या सोसायटीशी पोहोचेतो टेम्पोवाल्याचा असा ग्रह झाला की हे गृहस्थ दुधाच्या मापाविषयी तक्रार करण्याकरिता पाठलाग करीत आहेत. त्याने एक पिशवी न मागता हाती ठेवली. हिशेबाच्या बाबतीत अत्यंत काटेकोर असल्यामुळे त्यांनी दुसऱ्या दिवशी पैसे दिले, तेव्हा तो अधिकच घाबरला.

एवंच, रविवारी घाट आणि बुधवारी वेलोड्रोम अशी त्यांची द्विभार्या अवस्था झाली, आणि दोन्ही घरी ते अपराधी मुद्रेने जाऊ लागले. ट्रॅकवर असताना त्यांना खडकवासल्याचे पाणी आठवे. आणि दिवेघाटात धाप लागली की जगात कोठे तरी चढ नसलेली, कुत्री नसलेली, काळ्या रेघेची एक नगरी आहे या विचाराने त्यांचा ऊर भरून येई. आमचे स्वतःचे मत असे आहे की सायकलपेक्षा दोन सायकलींमधील हे हेलकावेच त्यांना अधिक प्रिय होते. पगारी खेळाडूला त्याचा मालक निवड करावयास लावतो, हौशी मनुष्य ती आमरण लांबणीवर टाकू शकतो, आणि यापरते सुख हौशीपणात दुसरे नाही. परंतु शेजारधर्म म्हणून आम्ही तडजोडीचा यत्न केला आणि इतिहासाचे दप्तर काढून त्यांच्यापुढे मांडले.

आम्ही त्यांस आँरी देग्रांजची कथा सांगितली. हा फ्रेंच गृहस्थ आरंभी एका वकिलाच्या कचेरीत कारकून होता, आणि उघड्या पोटऱ्यांनी सायकल चालवून अशिलांच्या दृष्टीस पडतो या कारणास्तव त्याची नोकरी गेली, असे सांगतात. पुढे १८९३ साली पॅरिसच्या बुफालो वेलोड्रोमवर त्याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर कापून तासाचा पहिला अधिकृत विक्रम केला. आणि हाच कट्टर ट्रॅकवाला वृत्तपत्राचा संपादक झाल्यावर, खप वाढवण्याच्या खटपटीत, १९०३ मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींची महाराणी जी तूर द फ्रान्स, तिचा जनक झाला. त्या पहिल्या शर्यतीत साठ जण निघाले, एकवीस पोहोचले. एवढेच नव्हे, देशभर भटकून आलेली ती शर्यत १९६७ पर्यंत पॅरिसच्या पार्क दे प्रँस वेलोड्रोमवरच येऊन संपत असे. पॅरिस-रूबे या भीषण शर्यतीची कुळकथाही तशीच. रूबे गावच्या दोन गिरणीमालकांनी वेलोड्रोम बांधला, त्याची जाहिरात व्हावी म्हणून १८९६ मध्ये पॅरिसपासून आपल्या दारापर्यंत शर्यत काढली. आणि आजही अडीचशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, त्यातला पन्नासाहून अधिक किलोमीटर दगडी खडबडीत, असा तुडवून आलेले चिखलाचे पुतळे शेवटी रूबेच्या गुळगुळीत ट्रॅकवर दीड फेरी मारतात. इटलीच्या कोप्पीने १९४२ मध्ये, महायुद्ध चालू असता, मिलानच्या ट्रॅकवर तासाचा विक्रम केला आणि पुढे दोनदा तूरही जिंकली. विगिन्सने ट्रॅकवर सुवर्णपदके मिळवल्यानंतर २०१२ मध्ये तूर जिंकली, आणि १९७२ मध्ये मेक्सिकोच्या विरळ हवेत ४९.४३१ किलोमीटरचा विक्रम करणाऱ्या मेर्क्सने तर, घाटांचे सम्राटपद भोगून झाल्यावर, तो एक तासच आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण सवारी होती अशी कबुली दिली. तात्पर्य, ही दोन घराणी पहिल्यापासून सोयरी आहेत, तंटा कसला?

लेखापरीक्षकांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि पेन्सिल उचलली. “देग्रांजच्या खात्यात एक नोंद तुम्ही गाळली आहे,” ते म्हणाले. “गिअर बदलण्याची यंत्रणा त्याने तूरमध्ये येऊच दिली नाही. ती आली १९३७ साली, त्याने कारभार सोडल्यावर. म्हणजे मनुष्य रस्त्यावर आला, पण मन ट्रॅकवरच राहिलं. हा पुरावा माझ्या बिनब्रेकच्या पक्षाचा आहे.” आम्ही खूश होऊन, मग निकाल ट्रॅकच्या बाजूने लिहावा काय, असे विचारले. “छे! कोप्पी रोडच्या बाजूने जातो,” असे म्हणून त्यांनी दुसरे पान उलटले.

वहिनी इतका वेळ मोरावळ्याचे आवळे टोचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता विचारले, “रस्त्यावरच्या शर्यतीत तुमचा नंबर कितवा येतो?”

“शेवटून तिसरा-चौथा.”

“आणि त्या गोल ठिकाणी?”

“तिथंही साधारण तेवढाच.”

“मग दोन्ही खाती जुळताहेत की. भांडण कशाचं आहे?”

या प्रश्नाला उत्तर नव्हते. परंतु लेखापरीक्षकास निरुत्तर करणे आणि त्याचे समाधान करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांचा चेहरा पाहून आम्हांस कणव आली आणि तिसरा मार्ग म्हणून आम्ही इंग्लंडचा दाखला काढला. तेथे १८९४ साली शर्यतीच्या सायकलींना पाहून एका बग्गीचे घोडे बुजले, बग्गीतल्या बाईंनी तक्रार केली, आणि पुढे पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून सायकल-संघटनेने रस्त्यावरच्या सामूहिक शर्यतींवर आपण होऊन बंदी घातली. तेव्हा बिडलेक नावाच्या गृहस्थाने तोडगा काढला. स्पर्धकांनी एकत्र सुटायचेच नाही. एकेकाने ठरावीक अंतराने, घड्याळ लावून, एकटे निघायचे, जेणेकरून शर्यत चालू असूनही ती शर्यत आहे असे कोणास कळू नये. स्थळ उघडपणे न सांगता सांकेतिक क्रमांकाने कळवायचे, वेळ पहाटेची, आणि पोशाख मानेपासून घोट्यापर्यंत काळा. वर अल्पाकाचा काळा कोट. रस्ता रोडवाल्यांचा, घड्याळ ट्रॅकवाल्यांचे. पाठीमागे लपून फायदा उपटणारा कोणी नाही, आणि हवाही ज्याची त्याने कापायची.

ऐकता ऐकता त्यांचे डोळे चमकू लागले. पहाट, गुप्तता, एकांत, सांकेतिक क्रमांक आणि बाहेरच्याला काहीही कळू न देणारा कारभार! इंग्लंडात जन्मलेला हा खेळ चुकून तिकडे गेला, त्याची प्रकृती मूळची आमच्या पेठांचीच, असे त्यांचे मत तत्काळ बनले. दुसऱ्या दिवसापासून बुधवार आणि रविवार यांच्या जोडीला शुक्रवारही लागला, आणि पूर्वी ज्यांचे मन दोन ठिकाणी ओढले जाई त्यांचे ते आता तीन ठिकाणी ओढले जाऊ लागले.

परवा लक्ष्मी रस्त्यालगतच्या एका वृद्ध शिंप्याकडे ते आम्हांस घेऊन गेले. काळ्या अल्पाकाचा कोट हवा, असे ऐकताच म्हाताऱ्याने चष्मा पुसला, टेप गळ्यातून काढली आणि मोठ्या आदराने विचारले, “साहेब, वकिलीची सनद घेतलीत वाटतं? कोर्टात उभं राहणार?”

“उभं नाही, बसायचं आहे,” लेखापरीक्षक म्हणाले, आणि दुकानातल्या लाकडी स्टुलावर बसून, काल्पनिक हँडल दोन्ही हातांनी धरून, नाक जवळजवळ गुडघ्यांना लागेल इतके पुढे वाकले. “माप असं घ्या.”

शिंप्याने त्यांच्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले, आणि टेप पाठीवरून फिरवीत आतल्या पोऱ्याला हाक मारली, “मागून चार इंच जास्त लिही रे. आणि पैसे आगाऊ घे.”